टाळेबंदीतला गुडघा

थॅडियस व्रोना, म्हणजे सगळ्यांचा टॅड, याच्या दोन्ही अंगठ्यांना चिकटपट्टी फाडून फाडून घट्टे पडले होते. बफलोच्या फुटबॉल संघाच्या उपचारकक्षात तो एकतीस वर्षे खेळाडूंचे घोटे बांधत आला होता. हा अमेरिकी फुटबॉल पायांनी कमी आणि खांद्यांनी अधिक खेळला जातो. तीन-तीनशे पौंडांचे देह एकमेकांवर आदळतात, आणि तो सगळा भार अखेर जाऊन विसावतो घोट्याभोवतीच्या चार बोटे जागेवर. त्या चार बोटांवर टॅडची निष्ठा जडली होती. पाद्रीबाबा वेदीवरच्या वस्त्राची ज्या निगुतीने घडी घालतात, त्याच निगुतीने तो पट्टीचा पहिला वेढा टाचेवरून घेई. पट्टीला सुरकुती पडली तर ती सोडून पुन्हा बांधी, मग बाहेर रांग कितीही लांबलेली असो.

बांधताना तो विनोद सांगे. ते जुने असत आणि फारसे चांगलेही नसत.

“काल बायकोला विचारलं,” टाचेवरची नजर न काढता तो सुरू करी, “मी मेलो तर तू दुसरं लग्न करशील का गं? म्हणाली, छे, मी आपली बहिणीकडे जाऊन राहीन. मग तिनं विचारलं, मी मेले तर तू काय करशील? मी म्हटलं, मीसुद्धा तुझ्या बहिणीकडेच जाऊन राहीन.”

“मिस्टर टॅड, हा तुम्ही मंगळवारी सांगितला होता.”

“मंगळवारी डाव्या घोट्याला सांगितला होता. हा उजवा आहे.”

ह्या विनोदांना उपचारकक्षात एक गंभीर अर्थ येऊन चिकटला होता. ऑगस्टच्या अखेरीस संघात छाटणी होते. सकाळी कोणीतरी येऊन हलक्या आवाजात सांगते, ‘साहेबांनी बोलावलंय, डावांची वही घेऊन ये’, आणि तेवढ्या एका वाक्यात त्या मुलाचे ह्या शहरातले आयुष्य संपते. कोणाची अखेरची तपासणी उरकायची हे सांगावे लागत असल्याने ती यादी उपचारकक्षाला आदल्या दिवशीच कळे. टॅडने यादी कधी फोडली नाही. परंतु ज्याचे नाव तीत असेल त्याला हसवणे त्याच्याने होत नसे. हात चालू राहत, जीभ थांबे. खेळाडूंनी हे कधीच हेरले होते. ‘म्हातारा गप्प झाला की पिशवी भरायला घे,’ असे जुने खेळाडू नव्यांना सांगत. सगळ्या इमारतीत ही गोष्ट एका टॅडला तेवढी ठाऊक नव्हती.

२०११ सालच्या मार्च महिन्यात मालकमंडळी आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार संपला. उत्पन्नाची वाटणी कशी करावी यावर त्यांचे जमेना, तेव्हा मालकांनी देशभरच्या सगळ्या संघांची दारे खेळाडूंना बंद केली. खेळाडूंनी संप केलेला नव्हता, त्यांना बाहेर ठेवण्यात आले होते. टॅड मात्र खेळाडू नसल्यामुळे आत होता. रोज सकाळी सात वाजता तो फाटकातून आत जाई, बारा रिकाम्या टेबलांवर पांढऱ्या चादरी ताणून घाली, आणि संध्याकाळी त्या तशाच कोऱ्या काढून घडी करी.

त्याचा बाप लॅकावानाच्या पोलाद कारखान्यात भट्टीवर होता. संपाच्या एका वर्षी शेजारचा माणूस फाटक ओलांडून कामावर गेला, तर बापाने त्याच्याशी पुढची बावीस वर्षे बोलणे टाकले. एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना दोघांची टोमॅटोची रोपे होती. ते एकाच वेळी पाणी घालत आणि एकमेकांकडे पाहत नसत. मौन हे व्रोनांच्या घरात निष्ठेचेच एक नाव होते. परंतु बाप फाटकाबाहेर उभ्या असलेल्यांशी निष्ठावान होता. आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हा विचार मनात आला की टॅड उठून पट्ट्यांची नीट रचलेली चळत पाडी आणि पुन्हा रचायला घेई.

सर्व कर्मचाऱ्यांना एक पत्र आले होते. खेळाडूंशी खेळाविषयी, दुखापतीविषयी वा कराराविषयी कोणत्याही मार्गाने बोलू नये, बोलल्यास नोकरी जाईल, इतकाच त्याचा आशय होता. टॅडला स्वतःची जीभ ठाऊक होती. एझ्रा टिलमनला आपण ‘कसा आहेस’ म्हटले की पुढचा शब्द ‘गुडघा’ हाच येणार, हे त्याला पक्के माहीत होते. म्हणून त्याने पत्राहूनही कडक नियम स्वतःवर लादून घेतला. एझ्राशी अवाक्षर बोलायचे नाही.

एझ्रा अलाबामाचा, चोवीस वर्षांचा, आघाडीच्या फळीत खेळणारा प्रचंड मुलगा. जानेवारीतल्या शेवटच्या सामन्यात त्याच्या उजव्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. त्यानंतरचे आठ आठवडे तो गुडघा टॅडच्या हातात होता. गुडघा वाकणे आज ना उद्या परत येते. सरळ होणे मात्र पहिल्या काही महिन्यांत साधले नाही तर आतला व्रण तिथेच घट्ट धरतो, आणि मग तो पाय कधीच पुरा ताठ होत नाही. वाकड्या गुडघ्याच्या माणसाला ह्या खेळात जागा नाही. टाळे लागले तेव्हा एझ्राचा गुडघा जवळजवळ सरळ झाला होता. जवळजवळ ह्या शब्दाने टॅडची झोप नेली होती.

ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत वस्तीतल्या चर्चच्या तळघरात दर शुक्रवारी तळलेल्या माशांच्या पंगती बसतात. टॅडची बायको ब्रोनिया कढईपाशी असे आणि टॅड खिडकीतून ताटे देई. टाळेबंदीच्या दुसऱ्या शुक्रवारी रांगेतून एक अगडबंब देह एका कुबडीच्या आधाराने पुढे सरकला.

“मिस्टर टॅड! तुम्ही इथं मासे विकता होय?” एझ्राचा चेहरा फुलला होता. “शेजारीण म्हणाली, एकदा खाऊन बघ. काय, विनोद मासळीबरोबर फुकट मिळतो ना?”

टॅडच्या ओठांवर शब्द आले होते. त्याने ते गिळले. बोलता येत नाही तर निदान काहीतरी द्यावे म्हणून त्याने ताटात माशाचा एक तुकडा अधिक ठेवला. ताट पुढे सरकवले आणि नजर एझ्रावरून काढून त्याच्या मागच्या म्हातारीवर नेली.

एझ्राचे हसू हळूहळू उतरले. त्याने ताटाकडे पाहिले, जादाच्या तुकड्याकडे पाहिले, आणि मग अगदी सौजन्याने म्हटले, “आभारी आहे, मिस्टर टॅड. सगळ्यासाठीच.”

तो जेवायला बसला नाही. ताट सोबत आलेल्या शेजारणीच्या हाती देऊन जिन्याकडे वळला.

“त्या पोरानं तुला हाक मारली आणि तू भिंतीसारखा उभा,” घरी परतताना गाडीत ब्रोनिया म्हणाली.

“पत्र आलंय ना.”

“पत्रात ‘कुणी हाक मारली तर ओ देऊ नका’ असं कुठं लिहिलंय? दाखव मला.”

“एकदा सुरू झालो की मला थांबता येत नाही, ब्रोनिया.”

“ते मला चाळीस वर्षं माहीत आहे, टाडेक. म्हणून तर म्हणते, सुरू हो.”

एप्रिलच्या सुरुवातीला किराणा दुकानाच्या आवारात टॅडला एझ्रा पुन्हा दिसला. टॅड गाडीतच बसलेला होता. एझ्रा सामानाची ढकलगाडी लोटत पलीकडून चालला होता. कुबडी सुटली होती, म्हणजे पाहणाऱ्याला वाटावे की मुलगा सुधारला. टॅडचे डोळे त्याच्या उजव्या टाचेवर गेले. टाच जमिनीला लागत नव्हती. मुलगा चवड्यावर चालत होता. गुडघा वाकलेलाच राहत होता, आणि तो झाकण्यासाठी एझ्रा कमरेला हिसका देऊन पाय पुढे टाकत होता. दाराच्या मुठीवर टॅडचा हात होता. एझ्राची गाडी निघून गेली तरी तो तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी त्याने उपचारकक्षाचा प्रमुख गॉर्डन पेल याला गाठले. पेल हा सडपातळ, नियमाचा माणूस. रिकाम्या टेबलावर बसून तो कुठलेसे शब्दकोडे सोडवत होता.

“मी काही ऐकलं नाही आणि तू काही पाहिलं नाहीस,” टॅडचे बोलणे पुरे होण्याआधीच तो म्हणाला.

“मी पाहिलंय, गॉर्डन. टाच टेकत नाहीये त्याची.”

“त्याला बाहेरचा उपचारवाला दिलाय.”

“मग तो उपचारवाला आंधळा असला पाहिजे.”

“टॅड, निवृत्तीला किती महिने राहिले तुझ्या?”

“चौदा.”

“मग पट्ट्या रच.”

टॅडने पट्ट्या रचल्या. त्या आठवड्यात त्याने कपाटे पुसली, कात्र्यांना धार लावली, मलमाच्या डब्या तारखेप्रमाणे मांडल्या, आणि तारखेप्रमाणे मांडून झाल्यावर आकाराप्रमाणे मांडल्या. घरी जेवताना त्याचा हात आपोआप टेबलाखाली जाई आणि स्वतःच्याच गुडघ्यामागे तळवा घालून चाचपून बघे. ब्रोनियाला ते दिसे. ती सूप पुढे सरकवी.

ईस्टरनंतरचा सोमवार म्हणजे डिंगसचा दिवस. पोलिश वस्तीत त्या दिवशी पोरे पोरींवर पाणी उडवतात आणि पोरी विलोच्या झाडाच्या मखमली कळ्यांच्या फांद्यांनी त्यांच्या पोटऱ्या झोडपतात. साठी उलटलेलेही त्यातून सुटत नाहीत. ब्रोनियाने टॅडला ओढून जिनी कोवालच्या दारूगुत्त्यात नेले. जिनी ही त्यांच्या गल्लीतली विधवा. सामन्यांच्या रविवारांवर तिचे वर्ष चाले.

“कोट्यधीश अब्जाधीशांशी भांडतायत,” ओले केस मागे सारत ती सगळ्यांना ऐकवत होती, “आणि पिंपं आंबतायत माझ्या तळघरात. सप्टेंबरात सामने झाले नाहीत तर ह्या खुर्च्यांवर बसवू कुणाला? पाद्रीबाबांना?”

“पाद्रीबाबा उभ्यानं पितात,” कोपऱ्यातून एकजण म्हणाला.

“तीस वर्षं बर्फात बसून मी आपला संघ हरताना पाहिलाय,” दुसरा एक म्हातारा हळहळला. “आता हरतानासुद्धा बघू देणार नाहीत म्हणजे काय!”

“टॅड, तू आत असतोस ना? काय म्हणतात मालक?”

“मी चादरी घालतो,” टॅड म्हणाला.

संध्याकाळ व्हायच्या सुमारास दूरदर्शन संचावर बातमी आली. मिनेसोटातल्या एका न्यायाधीशबाईंनी टाळेबंदी उठवण्याचा हुकूम दिला होता. गुत्त्यात एकच आरोळी उठली. कोणीतरी बादलीच उपडी केली. जिनीने फांदी उगारून टॅडच्या पोटऱ्यांवर सपासप मारली.

“अरे हस की मेल्या! दारं उघडणार तुझी!”

“कधी?” टॅडने विचारले. “उद्या?”

“वकील कधी उद्या म्हणतात का?”

वकिलांनी मंगळवार, बुधवार आणि गुरुवार खाल्ला. शुक्रवारी सकाळी फाटक उघडले. खेळाडू आत आले, एकमेकांच्या पाठीवर थापा पडल्या, प्रशिक्षकांनी डावांच्या वह्या वाटल्या. टॅडच्या चादरींना दीड महिन्यानंतर सुरकुत्या पडल्या. तो घोटे बांधत होता, विनोदही सांगत होता, पण दर वेळी दार वाजले की त्याची मान वळत होती. दहा वाजले, बारा वाजले. एझ्रा आला नाही. आज फोन करायला मनाई नव्हती. त्याने तीनदा केला. कोणी उचलला नाही.

दोन वाजता एझ्रा आला. त्याच्या हातात कचऱ्याची मोठी काळी पिशवी होती. हंगाम संपल्यावर किंवा संघातून नारळ मिळाल्यावर आपले कपाट रिकामे करायला खेळाडू असल्याच पिशव्या आणतात. तो उपचारकक्षासमोरून न थांबता पुढे निघाला.

“पोरा!”

एझ्रा थांबला. “बूट आणि फोटो घ्यायला आलोय, मिस्टर टॅड. घेतो आणि जातो.”

“जातोस कुठं?”

“आता तुम्ही तरी नाटक करू नका. त्या शुक्रवारी तुम्हीच सांगितलंत मला.”

“मी? मी तर एक अक्षर बोललो नाही.”

“तेच म्हणतोय मी,” एझ्रा शांतपणे म्हणाला. “म्हातारा गप्प झाला की पिशवी भरायला घ्यायची, हे मला इथं पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. आणि वर माशाचा तुकडा जास्त वाढलात. आमच्याकडे मयताच्या घरी असं वाढतात.”

टॅड जवळच्या टेबलाला टेकला. आपल्या मौनाला लोकांनी काय नाव ठेवले आहे, ते त्याला आज, एकतीस वर्षांनी कळत होते. यादीतल्या प्रत्येक मुलाला आपण अभावितपणे सांगत आलो, आणि ज्याचे नाव यादीत नव्हते त्यालाही सांगून बसलो.

“मला पत्र आलं होतं,” तो कसाबसा म्हणाला. “तुमच्याशी बोलायचं नाही म्हणून. तुमच्या सगळ्यांशीच. तुझं नाव कुठल्याही यादीत नाही, पोरा. याद्याच नाहीत. करारच नाही तर यादी कुठली?”

एझ्राच्या हातातली पिशवी खाली लोंबली. “खरं सांगताय?”

“उपचाराला जातोस ना?”

“तीन आठवडे गेलो. मग म्हटलं, कुणासाठी? सोफ्यावर पडून असतो. गुडघ्याखाली उशी घेऊन.”

“उशी?” टॅडचा आवाज चढला. “गुडघ्याखाली उशी?”

“बरं वाटतं.”

“वाटणारच. अरे, वाकलेल्या गुडघ्याला उशीसारखं सुख नाही. झोप इथं. पिशवी टाक ती.”

एझ्रा उताणा झोपला. टॅडने गुडघ्यामागे हात घातला. पाय पुरा सरळ असता तर तिथे कागदही शिरला नसता. त्याची तीन बोटे, एकावर एक ठेवलेली, सहज आत गेली. त्याने ती काढली, हातांना ऊब यावी म्हणून तळवे एकमेकांवर घासले, आणि कामाला लागला. चार वाजता शल्यवैद्य येऊन पाहून गेले. त्यांनी फार शब्द खर्च केले नाहीत. चार आठवड्यांत गुडघा सरळ झाला तर ठीक, नाहीतर तो पुन्हा उघडून आतला व्रण कापावा लागेल, आणि दुसऱ्यांदा उघडलेला गुडघा घेऊन आघाडीच्या फळीत कोणी परतल्याचे त्यांच्या आठवणीत नव्हते.

“चार आठवडे रोज,” टॅड म्हणाला. “दिवसातून तीनदा. रडलास तरी सोडणार नाही.”

“रडेन मी,” एझ्रा म्हणाला, “पण तुम्ही बोलत राहा.”

सहा वाजून गेल्यावर एझ्राला पालथे झोपवून, नडगी टेबलाबाहेर काढून, घोट्याला वजन बांधून टॅड घड्याळाकडे पाहत होता. पंधरा मिनिटांतली सहा झाली होती. तेवढ्यात पेल दारात आला. वरच्या न्यायालयाने हुकूम स्थगित केला होता. टाळेबंदी पुन्हा लागू झाली होती.

“सगळे बाहेर,” पेल म्हणाला. “आत्ता.”

“नऊ मिनिटं, गॉर्डन.”

“एकसुद्धा नाही. टॅड, हात काढ.”

टॅडने हात काढला. एकतीस वर्षांत त्याने सांगितलेले मोडले नव्हते, आणि हात ते मेंदूला न विचारताच पाळत. वजन सोडून त्याने एझ्राला उठवून बसवले, आणि पेलच्या देखत मोठ्याने म्हटले, “ऐक. उद्यापासून मी बोललो नाही, तर तो हुकूम समज. यादी समजू नकोस.”

“समजलं,” एझ्रा म्हणाला. “आणि गुडघा?”

टॅडने पेलकडे पाहिले. पेल खाकरला. एझ्रा लंगडत बाहेर गेला. काळी पिशवी तिथेच राहिली.

शनिवारी सकाळी टॅडने परसात टोमॅटोसाठी वाफे खणले. मग ते बुजवले, कारण ते वाकडे आले होते, आणि पुन्हा खणले. ब्रोनिया मागच्या पायरीवर बसून पाहत होती.

“तिसऱ्यांदा एकाच खड्ड्यात काय पुरतोयस?”

“निवृत्तीला तेरा महिने राहिलेत गं माझ्या.”

“हो.”

“बाबांनी काय केलं असतं?”

“तुझे बाबा हटवादी होते. पण ते फाटकाबाहेर उभे होते एवढं खरं.” ती उठली, आत गेली, आणि उकडलेल्या करंज्यांचे, कापडात बांधलेले भांडे घेऊन आली. “हे पिरोगी त्या पोराच्या बायकोला दे. मला कुणी पत्र पाठवलेलं नाही, मी जाऊन हवं तेवढं बोलेन. पण मला गुडघ्यातलं काही कळत नाही.”

टॅडने हात धुतले. नखांतली माती जाईपर्यंत धुतले.

ऑर्चर्ड पार्कमधल्या घराचे दार एझ्राची बायको रोशेल हिने उघडले. तिचे दिवस भरत आले होते. एक हात कमरेवर, दुसरा दारावर, आणि तो तिने खाली घेतला नाही.

“सहा आठवडे कुठं होतात?”

“फाटकाच्या आत,” टॅड म्हणाला.

“आणि आज?”

“आज बाहेर आहे.”

तिने त्याच्याकडे, मग भांड्याकडे पाहिले. “ह्यात काय आहे?”

“बटाट्याचे पिरोगी. बायकोनं पाठवलेत.”

“ती बोलते का?”

“ती थांबत नाही.”

रोशेल बाजूला झाली. एझ्रा सोफ्यावर होता. टॅडला पाहताच त्याने गुडघ्याखालची उशी घाईघाईने पाठीमागे लपवली, आणि त्या प्रचंड देहाची ती धडपड पाहून रोशेलला हसू फुटले. स्वयंपाकघरातले टेबल भक्कम होते. टॅडने त्यावर घोंगडी पसरली, आधी उताणे झोपवून मोजले, तर रात्रीतून पुन्हा तीन बोटे झाली होती. तासभर हातांनी काम केले. एझ्राने दात आवळले, मग ओरडला, मग आईला हाक मारली. टॅड बोलत राहिला. काय बोलत होता ते त्याचे त्यालाच कळत नव्हते. ब्रोनियाची बहीण, बापाचे टोमॅटो, जिनीची पिंपे, जे तोंडाला येईल ते. मग त्याने पुन्हा मोजले, मुलाला पालथे केले, आणि पाच पौंडांची साखरेची पिशवी चिकटपट्टीने घोट्याला बांधली. खिशातला फोन वाजला तेव्हा तीन मिनिटे झाली होती.

“पट्ट्यांच्या कपाटाची किल्ली कुठं ठेवलीस?” पेल विचारत होता. “घरी आहेस का?”

टॅडला खोटे बोलता आले असते. “एझ्राच्या स्वयंपाकघरात आहे,” तो म्हणाला.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“हे तू मला सांगायला नको होतंस, टॅड. आता मला लिहावं लागेल.”

“लिही.”

“सोमवारी वर जाईल ते.”

“जाऊ दे. आडनाव नीट लिही, दर वर्षी चुकतोस.”

पेलने फोन ठेवला नाही. मग वेगळ्याच, खालच्या आवाजात त्याने विचारले, “किती बोटं?”

“अडीच.”

“सकाळी?”

“तीन होती.”

“वजन काय लावलंस?”

“साखर. पाच पौंड.”

“कमी आहे. आणि मांडीखाली टॉवेलची घडी घाल. गुडघ्याची वाटी टेबलाच्या बाहेर राहिली पाहिजे, दाबली जाता कामा नये. घरी सोय नसली की हेच विसरतात लोक.”

“विसरलो होतो,” टॅड म्हणाला.

“मी लिहिणार आहे, टॅड.”

“लिही, गॉर्डन.”

फोन बंद झाला. टॅडने टॉवेल मागून घेतला, त्याची चौपदरी घडी केली, आणि मांडी हळूच उचलून खाली सरकवली. वाटी मोकळी झाली. एझ्राने दीर्घ श्वास सोडला.

“आणखी साखर आहे?” टॅडने विचारले.

“मीठ आहे,” रोशेल म्हणाली.

त्याने मिठाची पिशवी साखरेवर बांधली. पट्टीला सुरकुती पडली, ती सोडून पुन्हा बांधली. चुलीवरच्या घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. पंधरा मिनिटांची गणना पुन्हा पहिल्यापासून धरावी लागणार होती. उद्या मे महिना लागत होता. टॅडची बोटे मोजायला शिवशिवत होती. त्याने ती मुठीत आवळून धरली, आणि खुर्ची ओढून, एझ्राला दिसेल अशा बेताने, त्याच्या तोंडासमोर बसला आणि पुन्हा बोलू लागला.